बसा सर

खेळ शिकवणारा माणूस सगळ्यात आधी काय शिकवेल? पळायला, असं तुम्ही म्हणाल. आमच्या सरांनी आम्हाला पहिले पंधरा दिवस नुसतं बसायला शिकवलं. सकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानावर बारा मुली एका ओळीत बसलेल्या. एकीचं तोंड शाळेच्या इमारतीकडं, दुसरीचं रस्त्याकडं, टाचा उचललेल्या, बोटं मातीला टेकलेली. आणि सर आमच्या मागून हळूहळू फेऱ्या मारतायत. मांड्या भरून यायच्या, पायांना मुंग्या यायच्या. कुणी रडवेली होऊन विचारलं, "सर, पळायचं कधी?" की उत्तर ठरलेलं असायचं. "पळायला कुत्र्याला बी येतंय की. बसायला येतंय का बघू आधी."

खो-खो हा बसणाऱ्यांचा खेळ आहे, असं सरांचं ठाम मत होतं. एक मुलगी पळते तेव्हा आठ जणी बसलेल्या असतात, आणि मागून पाठीला हात लागून "खो" ऐकू येईपर्यंत त्यांना उठता येत नाही. त्या आठ जणी कशा बसल्यात त्यावर सर संघ जोखायचे. सामना बघायला गेलो तर सगळं मैदान पळणारीकडं बघून ओरडत असायचं आणि आमचे सर बसलेल्यांकडं बघत असायचे. वर्गातही तेच. आम्ही उभ्या राहून "नमस्ते" म्हणायच्या आत ते दारातूनच "बसा, बसा" म्हणत यायचे. त्यामुळं सगळ्या शाळेत त्यांचं नाव बसा सर असं पडलं. खरं नाव बिराजदार. गाव मैंदर्गी, अक्कलकोटच्या पलीकडचं. घरात कानडी, वर्गात पुस्तकी मराठी, आणि मैदानावर उतरले की मैंदर्गीचं मराठी, असा त्यांचा तीन मजली कारभार होता.

सर भूगोल शिकवायचे. खेळाच्या शिक्षकाची जागा आमच्या शाळेत होती, त्या जागेवर एक गृहस्थही होते, पण ते संचलन आणि झेंडावंदनापुरते. मुलींचा खो-खो सरांनी आपणहून अंगावर घेतला होता. त्याचा जादा भत्ता तर नव्हताच, उलट टोमणे होते. "बिराजदार, पोरींना पळवून काय करणार?" असं शिक्षकांच्या खोलीत त्यांना ऐकवलं जायचं, आणि ते आम्हाला बाहेर ऐकू यायचं. सर फक्कीची बादली उचलायचे आणि मैदानावर पांढऱ्या रेघा मारायला निघायचे. रेघा ते स्वतः मारायचे, दोरी न लावता, आणि त्या इतक्या सरळ यायच्या की गणिताचे सर खिडकीतून बघत राहायचे.

मुलींच्या पाठीला हात लावायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम होता. मग सरावात खो कसा देणार? तर वर्गातला गुंडाळलेला नकाशा त्यांच्या हातात असायचा. त्याचं टोक पाठीला टेकवायचं आणि "खो!" म्हणायचं. कधी पाठीला महाराष्ट्र लागायचा, कधी आशिया खंड. वर्षभरात त्या नकाशाची कड झिजून कोकणपट्टी जवळजवळ निघून गेली. मुख्याध्यापकांनी जाब विचारला तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "आपल्याकडचं काय गेलं न्हाय ना? मग झालं की." आमच्या वर्गाला कोकण हे त्या वर्षी तोंडीच शिकावं लागलं.

माझं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई घरी विड्या वळायची, आणि बोलणं सगळं तेलुगूत. संघातल्या निम्म्या मुली माझ्यासारख्याच तेलुगू बोलणाऱ्या. हे बघून सरांच्या डोक्यात एकदा कल्पना आली. सामन्यात बाहेरून मराठीत "उजवीकडं जा" ओरडलं की समोरच्या संघाला कळतं, तर तेलुगूत ओरडावं. त्यांनी माझ्याकडून शब्द घेतले. कुडि म्हणजे उजवीकडं, एडमा म्हणजे डावीकडं. सरांच्या कानडीत कुडि म्हणजे ‘पी’, पाणी पी मधलं. त्यामुळं पाठ करताना ते स्वतःच हसायचे. आठ दिवस त्यांनी तळहातावर शब्द लिहून सराव केला. आणि पहिला सामना आला तो आमच्याच भागातल्या शाळेशी! त्यांच्या संघात माझी सख्खी चुलत बहीण. सर ओरडायचे "एडमा!", आणि पळणारी मुलगी आमच्या मुलीच्या आधीच उजवीकडं निघून जायची. वर डाव संपल्यावर चुलत बहीण येऊन सरांना म्हणाली, "सर, छान बोलता की तेलुगू. कुणी शिकवलं?"

सरांनी हार मानली नाही. पुढच्या सामन्याला कानडी काढली. तो संघ होता दुधनीचा. सरांनी पहिली हाक दिली तशी त्यांच्या सगळ्या मुली पळता पळता हसायला लागल्या, आणि त्यांच्या बाईंनी पलीकडून सरांची कानडीत विचारपूस केली, गाव कुठलं, घराणं कुठलं. परतताना आमच्यातली शाहीन म्हणाली, "सर, अब हमारी भाषा में बोलो ना. उसका कोई नहीं समझेगा." सर म्हणाले, "नको गं बाई. पंच शेख हायत." मग कपाळाला हात लावून म्हणाले, "ह्या सोलापुरात चोरून बोलायची सोयच ठेवली न्हाय कुणी."

सर शाळेजवळ एका खोलीत एकटे राहायचे. त्यांच्या पत्नी मैंदर्गीला शेत बघायच्या. शनिवारी दुपारी शाळा सुटली की सर गावी जायचे आणि सोमवारी सकाळी थेट मैदानावर यायचे, ते ॲल्युमिनियमचा मोठा डबा घेऊन. डब्यात कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी. सराव संपला की सगळ्या गोल बसायच्या आणि सर भाकरी मोडून प्रत्येकीच्या हातावर चटणी ठेवायचे. त्या चटणीची चव अजून माझ्या जिभेवर आहे, असं मी म्हणणार नाही, कारण खरं तर ती फार तिखट असायची आणि मला ठसका लागायचा. सर पाण्याचा तांब्या पुढं करायचे आणि म्हणायचे, "सुनंदा, तुला तिखट खाल्ल्याबिगर राग येणार न्हाय, आन राग आल्याबिगर तू पळणार न्हाईस."

कौतुक म्हणून त्यांच्या तोंडून फक्त एक शब्द यायचा, "चालतंय." जिंकलो तरी चालतंय, वर्गात पहिली आली तरी चालतंय. पण त्या चालतंयचे सूर वेगवेगळे असायचे आणि आम्हाला ते ओळखू यायचे. लांबवून म्हटलं तर खूश, तोडून म्हटलं तर उद्या जादा फेऱ्या. मला आयुष्यात एकदाच लांबवलेला चालतंय मिळाला. तो मी हरले त्या दिवशी.

मी दहावीत होते. सामने सांगोल्याला होते आणि आम्ही अंतिम फेरीत पोचलो होतो. शेवटचा डाव, शेवटचं मिनिट, बरोबरीला एक आणि जिंकायला दोन गडी हवे होते. त्यांची जी मुलगी पळत होती ती दमून गेली होती. मी पाचव्या जागेवर बसलेली, आणि ती माझ्या अगदी समोर आली. हात लांबवला असता तर लागली असती. आमची पाठलाग करणारी शाहीन अजून माझ्या मागे पोचायची होती. मी तिची वाट बघितली नाही. खो मिळायच्या आधीच उठले. पंचांची शिट्टी वाजली. मी परत बसेपर्यंत, शाहीन परत येऊन नीट खो देईपर्यंत, ती मुलगी श्वास घेऊन पार दुसऱ्या खांबाजवळ पोचली होती. वेळ संपली. एका गुणानं हरलो. पंधरा दिवस जिला नुसतं बसायला शिकवलं तिनं शेवटच्या मिनिटाला हेच केलं.

परतीच्या एसटीत माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. शाहीन तर तोंड फिरवून बसली होती. मी खिडकीकडं तोंड करून रडत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा होत्या आणि मला त्या दिसत नव्हत्या. सर येऊन शेजारच्या रिकाम्या जागेवर बसले. मान मागं टेकवून डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "ती तिथं येणार हे तुला कधी कळलं?"

मी नाक ओढत म्हणाले, "आधीच. खांबाजवळून वळली तेव्हाच."

"बाकीच्या सात जणींला कळलंच न्हाय. मला बी न्हाय कळलं." सर पुढच्या आसनाच्या दांडीकडं बघत होते. "डोळा लई चांगला हाय तुझा. बूड तेवढं हलकं हाय." आणि उठता उठता, लांबवून, "चालतंय."

खेळणाऱ्या पुष्कळ मिळतात, बघणारी मिळत नाही, असं ते नंतर एकदा शाहीनला म्हणाले होते. तिनं मला ते आमची भांडणं मिटल्यावर सांगितलं. मी ते मनात जपून ठेवलं. त्याचं पुढं काही करायचं असतं, हे मला सुचलं नाही.

दहावीनंतर खेळ सुटला. कॉलेजात घातलं, बी.कॉम.ला घातलं, काकांच्या ओळखीनं सहकारी बँकेत चिकटवलं, आणि बाविसाव्या वर्षी लग्न करून दिलं. ही सगळी क्रियापदं मुद्दामच अशी लिहिली आहेत. मी त्यात कुठंच कर्ता नव्हते. तक्रार करण्यासारखं काही घडलं नाही. नवरा शांत, सासूबाई कडक पण न्यायी, घर शाळेपासून दहा मिनिटांवर. बँकेत जाता येता शाळेवरून रस्ता होता. सकाळी उशीर झालेला असला तरी मी स्कूटी हळू करायची. सर कधी रेघा मारताना दिसायचे, कधी नकाशा हातात घेऊन फेऱ्या मारताना. मुली बदलत गेल्या, सरांचे केस पांढरे होत गेले. मी थांबले फार कमी वेळा. ते आहेत, एवढं बघून पुढं जायची.

मग ते निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं सगळं झालं. त्यानंतर आठवड्याभरानं एका सोमवारी सर बँकेत आले. गर्दीचा दिवस. मी काचेमागून हात केला, "सर, इकडं या." त्यांनी मान हलवली, यंत्रातून टोकन घेतलं आणि बाकड्यावर जाऊन बसले. पाऊण तास बसले, अगदी सरळ, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. नंबर आला तेव्हा माझ्या खिडकीशी आले. हातात ना पासबुक, ना स्लिप.

"सुनंदा, एक विचारायचं होतं. माझ्यामागं शाळेत पोरींना घेणारं कुणी न्हाय. रोज सकाळी एक तास देशील का? मी हेडसरांशी बोललोय. ते व्हय म्हणालेत." मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "मागं लोक हायत. लगेच सांगू नकोस. इचार कर."

मी म्हणाले, "बघते सर."

सरांनी मान डोलावली, टोकन खिडकीत ठेवलं आणि गेले. त्यांच्या मागं उभ्या असलेल्या गृहस्थांनी मला विचारलं, "मॅडम, त्यांचं काम झालं का?" मी झालं म्हणाले.

आता मी गेले नाही, हे सांगायला पाहिजे. कारणं माझ्याकडं भरपूर होती. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि ते नेमकं सकाळीच यायचं. मुलीची शाळा, नवऱ्याचा डबा, सासूबाईंची औषधं. अंग सुटलं होतं. जिथं वेणी घालून पळाले तिथं गळ्यात शिट्टी अडकवून उभं राहायचं आणि रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या बायका बघणार, याची लाज वाटत होती. सासूबाई काय म्हणतील, नवरा काय म्हणेल, ही उत्तरं मी मनातल्या मनात त्यांच्या वतीनं देऊन टाकली. घरी मी विषय काढलाच नाही. आज बघते, उद्या बघते, करत दिवस गेले.

एका सकाळी शाळेवरून जाताना मला मैदानावर मुली दिसल्या. आठ-दहा जणी. त्यांनी स्वतःच फक्की टाकली होती, रेघा वाकड्यातिकड्या आल्या होत्या, आणि त्या ओळीत बसल्या होत्या. एकीचं तोंड इमारतीकडं, एकीचं रस्त्याकडं. मागं कुणीच नव्हतं. त्यांच्यातली एक बँकेतल्या शिपाईमामांची नात निघाली. मामांनी दुपारी सहज विचारलं, "ताई, तुमी जाणार होता म्हणं शाळंत? सर जाताना पोरींना सांगून गेलेत, एका ताईंला इचारलंय म्हणून. पोरी रोज जाऊन बसत्यात." मी हसून काहीतरी बोलले. दुसऱ्या दिवसापासून मी बँकेचा रस्ता बदलला. थोडा लांबचा होता, पण त्या रस्त्यावर शाळा नव्हती.

मुली किती दिवस बसल्या मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. पुढच्या वर्षी शाळेचा संघ स्पर्धेला गेला नाही, त्याच्या पुढच्या वर्षी कुणाला संघाची आठवणही राहिली नाही. मैदानावर इंग्रजी माध्यमाची नवी इमारत आली आणि उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवले. सर मैंदर्गीला गेले होते. त्यांनी मला फोन केला नाही, निरोप धाडला नाही, परत विचारलं नाही. मीही गेले नाही. सात वर्षं.

गेल्या वर्षी शाहीनचा फोन आला. ती आता अक्कलकोटला असते, नवऱ्याचं टेम्पोचं काम आहे. म्हणाली, "सर बहुत थक गए गं. एकदा जाऊन ये." मी रविवारी एसटीनं मैंदर्गीला गेले. सर घराबाहेर खाटेवर बसले होते. दोन्ही गुडघे गेले होते, चालायचं तर भिंत धरून. पत्नी आधीच गेल्या होत्या, पुतण्याची बायको त्यांचं करायची. मला बघितल्याबरोबर म्हणाले, "ये सुनंदा. बस." चहा झाला. माझ्या मुलीचं विचारलं, शाहीनचं विचारलं, वडिलांचं विचारलं. कारखाना बंद झाला सांगितल्यावर ते आता दिवसभर काय करतात, तेही विचारलं. एवढ्या साऱ्या वेळात मैदानाचं नाव त्यांनी काढलं नाही. मीच काढलं.

"सर, मी आले नाही."

"व्हय. न्हाय आलीस."

"तुम्हाला राग आला होता?"

मला वाटलं होतं ते छे छे म्हणतील. म्हातारी माणसं म्हणतात तसं, जाऊ दे गं, झालं गेलं, असं काहीतरी. सर माझ्याकडं सरळ बघून म्हणाले, "आला होता की. लई आला होता. पोरी बसून ऱ्हायल्या ना." मी मान खाली घातली. त्यांनी मला रडू दिलं. पुतण्याची बायको दारात येऊन परत आत गेली.

थोड्या वेळानं मी विचारलं, "मग मलाच का विचारलंत सर? शाहीन होती, बाकीच्या होत्या. कुणीतरी आलं असतं. पोरींचा खेळ वाचला असता."

"शाहीन आली असती, माहीत हाय मला." सरांनी खाटेच्या दोरीवरून हात फिरवला. "डोळा तुझा होता म्हणून तुला इचारलं. ते एक झालं. दुसरं सांगू का? तुला आजवर समद्यांनी सांगितलंच. कॉलेजला जा, नोकरीला जा, लगीन कर. मी बी सांगितलंच की, बस, ऊठ, पळ. तुला काय पायजे म्हणून कुणी इचारलं न्हाय कधी. मला वाटलं, आपण एकदा इचारावं. येशील न येशील, तुझं तू ठरवशील." मग म्हणाले, "त्यात पोरींचं नुकसान झालं. ती माझी बी चूक हाय. दुसरीला इचारून ठेवायला पायजे होतं."

त्यांनी माझी चूक अर्धी स्वतःकडं घेतली आणि वर मला चटणीची पुडी बांधून दिली. निघताना मी पाया पडले. सर म्हणाले, "परत ये गं." मी येते म्हणाले आणि या वेळी खरंच जाणार होते. श्रावणात सर गेले. शाहीनचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते. मी खिडकी बंद केली, रजेचा अर्ज न लिहिता उठले आणि मैंदर्गी गाठली. लिंगायत रीतीप्रमाणं त्यांना बसवून, विभूती लावून, शेतात समाधी दिली. पाच-सहा गावांतल्या, वेगवेगळ्या वयांच्या बायका आल्या होत्या. कुणी कडेवर मूल घेऊन, कुणी पोलिसाच्या गणवेशात. आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो, पण उभ्या राहण्यावरून कोण कोण खेळलेलं आहे ते कळत होतं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी आम्ही घरी जेवायला बसलो होतो. सासूबाई आता नाहीत, मुलगी मैत्रिणीकडं गेलेली, आम्ही दोघंच. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. टोकनचं, मुलींचं, रस्ता बदलल्याचं, मैंदर्गीचं. इतकी वर्षं ज्या गल्लीनं मी बँकेत जात होते ती का, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. घरी आम्ही तेलुगूतच बोलतो. तो जे म्हणाला ते मराठीत असं होईल. "मग मला विचारायचंस की तेव्हा. मी हो म्हणालो असतो. आईलाही मी सांगितलं असतं. सकाळचा एकच तर तास."

मी म्हणाले, "खरंच?"

"खरंच म्हणजे काय? तू कधी विचारलंसच नाहीस." एवढं बोलून त्यानं भात कालवला आणि जेवायला लागला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. मी ताट घेऊन आत गेले आणि स्वयंपाकघरात उभी राहिले.

हे मला सरांना जाऊन सांगायचंय. सर, घरचे हो म्हणणार होते. मी विचारलंच नव्हतं. ते ऐकून सर कुठल्या सुरात चालतंय म्हणाले असते, ते मला अजून ठरवता येत नाही. मैंदर्गीला एसटी रोज जाते. सुट्टीही शिल्लक आहे. फक्त तिथं जाऊन हे कुणाला सांगायचं, ते कळत नाही.